आमंत्रण आणि बीसीसी

रियाधमधल्या अल सुलैत, गोदामांच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. गेल्या वर्षी तिथूनच मी घरच्या दिवाळी फराळाचं आमंत्रण ईमेलनं पाठवलं. साठ पत्ते, सगळे 'टू'मध्ये. एका मित्रानं मला म्हणून उत्तर लिहिलं, "नोकरी गेली रे, फायनल एक्झिट लागतोय. घरी अजून बोललो नाही." आणि दाबलं 'रिप्लाय ऑल'. यादीत वहिनीही होत्या.

चूक त्याची नाही, माझी. पत्ते 'बीसीसी'त असते, तर त्यानं काहीही दाबलं तरी ते मला एकट्यालाच आलं असतं. एमबीए करून हे सुचू नये!

दुसरं, ईमेलच्या नियमानुसार दोन पत्त्यांमध्ये स्वल्पविराम. आउटलुक मात्र अर्धविराम मागतं, कारण ऑफिसात 'कुलकर्णी, अनिल' असं आडनाव आधी लिहितात. असं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, पत्ता पुढे कोनी कंसात. नाहीतर कुलकर्णी एकीकडे, अनिल दुसरीकडे. जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधीचं टिंब राहिलं तरी पत्र पोचतं. कंपनीच्या पत्त्यात ते गाळू नका.

यंदाचं आमंत्रण काल रात्री गेलं. 'टू'मध्ये फक्त मी आहे.