फडाच्या गाड्या आपल्याच रस्त्याने जातात

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सांस्कृतिक समितीने मला ‘संगीत’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. मला सूर कळत नाही. मला कळतो तमाशा, तोही सुपारी देणाऱ्याच्या बाजूने. खेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या यात्रा कमिटीत मी बरीच वर्षं होतो.

आपल्या सी विंगमधल्या एका मुलाने परवा मला बॉब डिलन ऐकवला. लोकगीतांपासून सुरुवात केलेला गायक. १९६५ साली त्याने विजेची गिटार हातात घेतली तेव्हा जुने श्रोते भडकले. (आमच्याकडे फडात कीबोर्ड आला तेव्हा म्हातारे असेच भडकले होते.) १९८८ पासून त्याचा दौरा जवळपास अखंड चालू आहे, २०१६ ला नोबेल मिळालं तरी थांबला नाही. मुलगा म्हणाला, “काका, एवढे दौरे कोण करतं?”

म्हटलं, बाळा, आपल्या गेटमधून बाहेर पड, नाशिक हायवेला लाग. चाकण, राजगुरुनगर, मंचर, की आलं नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारीख ठरते, विसार दिला जातो. चैत्री पौर्णिमेची तारीख महाग, आडवारची स्वस्त. मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतात. आज एक गाव, उद्या दुसरं. रात्री गण, गवळण, रंगबाजी, वग, आणि पहाटे सामान ट्रकात. झोप ट्रकातच. पावसाळ्यात काम नाही, म्हणून कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो. मालकाने तरी पैसे कुठून आणायचे? तोही व्याजानेच आणतो.

या नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळालेली बाई. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपल्या भागात कुणालाही विचारा. आपण ती कौतुकाने सांगतो. त्या रात्री त्यांना सुट्टी का नव्हती, हे कुणी विचारत नाही. शेवटची वर्षं हलाखीत काढून जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या. आता सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

आता माझं सांगतो. १९९३ ची यात्रा. सुपारी ठरवायला मीच गेलो होतो. रात्री गवळण रंगात आली आणि वळीव कोसळला. स्टेजवरचं कापड फाटलं, लाइट गेली, माणसं पांगली. पहाटे फडाचा मॅनेजर उरलेले पैसे मागायला आला. आमच्या कमिटीने सांगितलं, वग झाला नाही, पैसे नाहीत. विसार मिळालाय ना, तेवढ्यावर भागवा.

ट्रकाजवळ एक बाई स्टोव्हच्या धगीवर ढोलकीची भिजलेली पानं शेकत बसली होती. वर न बघता म्हणाली, “दादा, पाऊस काय आम्ही आणला का?”

मी तेव्हा भोसरीत कंपनीत होतो, युनियनमध्येही. माल नाही म्हणून कंपनीने बसवलं तर ले-ऑफचा निम्मा पगार मिळालाच पाहिजे, म्हणून गेटवर घोषणा देणाऱ्यांत मी पुढे असायचो. माल नव्हता हा कामगाराचा दोष नव्हे, हे मला तोंडपाठ होतं. त्या पहाटे मात्र पंचांमध्ये बसून गप्प राहिलो. सात वाजता गाड्या गेल्या, त्या रात्री त्यांची दुसऱ्या गावची तारीख होती. मी आठच्या गाडीने ड्युटीला आलो.

२०२० ला पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देश बंद झाला. आपण गेट लावून बसलो, वाण्याकडून सामान येत होतं, माझी पेन्शनही येत होती. यात्रा मात्र एकही झाली नाही. सगळ्या विंगा शांत असायच्या, आणि मला त्या स्टोव्हचा आवाज आठवायचा.

आज रात्री आपल्याकडे ढोलकीवाले, पेटीवाले, गायिका येणार आहेत. मंडप उघडा आहे आणि आभाळ भरलंय. म्हणून मी काल खजिनदारसाहेबांना सांगितलं, उरलेले पैसे कार्यक्रमाच्या आधी द्या, पाऊस आला तरी पूर्ण द्या. ते म्हणाले, ठरावात तसं नाही. मग काल रात्री जिन्यातच तातडीची मीटिंग झाली. कोरम भरला. पाकीट आता माझ्या खिशात आहे, आणि त्यांची गाडी मघाशी गेटवर आली असं वॉचमन सांगतोय. तेव्हा मी इथेच थांबतो.