जुलै ते जानेवारी
(वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात केलेले भाषण)



मी धडगाव तालुक्यातली. पावरा समाजातली. आता सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मला सांगितलं होतं की शिष्यवृत्तीबद्दल बोल. बऱ्याच जणांना वाटतं, आदिवासी मुलींना सरकार सगळं देतं, मग आपण कशाला? खरं आहे, सरकार देतं. पण कधी देतं, ते मी सांगणार आहे.

बारावीनंतर मला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. चार वर्षांचं शिक्षण. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. आमचं घर त्याच्या जवळपासही नव्हतं. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, वाळवून आमचूर विकायचा आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचं, एवढीच आमची कमाई. अर्ज केला, तो मंजूरही झाला. पण कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." वसतिगृहात जागा नव्हती. म्हणून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत नाव घातलं. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना त्यात वर्षाला ४३,००० रुपये मिळत. पहिला हप्ता माझ्या खात्यात आला तो जानेवारीत. कॉलेज जुलैत सुरू झालं होतं. मधले सहा महिने खोलीभाडं, डबा, गणवेश, परीक्षा फी कशातून द्यायची?

बाबांनी त्या वर्षीचा सगळा आमचूर व्यापाऱ्याला पडत्या भावात दिला. तरी अकरा हजार कमी पडत होते. माझी ट्रंक बांधून झाली होती, परत जायला. तेव्हा आपल्या निधीतून ते अकरा हजार आले. चार दिवसांत आले, हे महत्त्वाचं. पाच महिन्यांनी आले असते तर मी बारडोलीच्या बाजूला उसाच्या फडात असते.

दुसरी अडचण कागदांची. जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांकडचे पुरावे लागतात, आणि १९५० च्या आधीचा कागद असेल तर त्याला जास्त वजन. माझे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, मग त्यांचा दाखला कुठून आणणार? शेवटी कोतवाल बुकात चुलत पणजोबांच्या जन्माची नोंद सापडली. त्या नकलेसाठी बाबा तहसीलला सात वेळा गेले. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली. ही मजुरी कुठल्याच योजनेत धरलेली नसते.

आता जरा स्पष्ट बोलते, लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा. आपल्याकडे पहिल्या वर्षाला मदत उदंड होते. मुलीला प्रवेश मिळाला की फोटो निघतो, साडी-चोळी होते. दुसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही. माझ्याबरोबरच्या दोघी दुसऱ्या वर्षालाच थांबल्या. अभ्यासात दोघी माझ्यापुढे होत्या. एकीचं लग्न झालं. दुसरी आजही ऊसतोडीला जाते. होळीला भेटते तेव्हा मला "सिस्टर" म्हणते आणि हसते. मला तिच्याकडे बघवत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळी एकत्र आली, तेव्हा त्यांनी एकदाच देणगी देऊन हात झटकले नाहीत. दहा वर्षं मदत करण्याचा शब्द दिला. त्या शब्दाच्या भरवशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. माझं मागणं त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. ज्या कुटुंबाला जमेल त्यांनी एका मुलीची चार वर्षं धरावीत. रक्कम थोडी चालेल, पण ती जूनमध्ये हातात पडावी. सरकारचे पैसे आले की मुली ती निधीत परत भरतात. मी भरली, पावती अजून ठेवली आहे.

आणि ज्यांना पैसे जमत नाहीत, त्यांनी जूनमध्ये दोन शनिवार द्या. ऑनलाइन अर्ज भरायला, आधार बँक खात्याला जोडलंय का ते बघायला माणसं हवीत. आमच्या पाड्यावर नेटवर्क टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही.

यंदा चौघींची नावं आहेत. तिघींचे कागद पूर्ण झाले. चौथीचा पुरावा अजून सापडलेला नाही; सोमवारी मी तिच्या बाबांबरोबर तहसीलला जाणार आहे. ती आज आली आहे, मागच्या बाकावर बसली आहे. चहाच्या वेळी तिच्याशी बोला. फीचं विचारू नका, तिला ते सांगताना रडू येतं. तिला जीवशास्त्राचं विचारा.