“ती मी नाही”: चेहरे, बाळं आणि माझी एक चूक

आज आधी एक ओशाळवाणा किस्सा, मग विज्ञान.

आमच्या ऑफिसात दोन मुली एकाच महिन्यात जॉइन झाल्या. एक मणिपूरची, दुसरी मिझोरामची. टीम वेगळ्या, मजला एकच. मध्यंतरी कळलं की मणिपूरच्या मुलीचे वडील गेले. ती गावाहून परत आल्यावर मी पँट्रीत तिला गाठलं आणि म्हटलं, “बाबांचं कळलं, फार वाईट झालं.” समोरची दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, “ती मी नाही. माझे बाबा ठीक आहेत.” आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. आणि सापडली बाळं.

2007 साली डेव्हिड केली, ऑलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. इंग्लंडमधली गोऱ्या कुटुंबांतली बाळं; 3, 6 आणि 9 महिन्यांची. आता बाळाला विचारणार कसं? तर त्याला एक चेहरा दाखवत राहायचा, कंटाळा येईपर्यंत. मग तोच चेहरा आणि शेजारी एक नवा. नव्याकडे जास्त वेळ बघितलं, म्हणजे फरक कळला. भारी आयडिया आहे की नाही?

चेहरे चार गटांतले होते: गोरे, आफ्रिकन, मध्यपूर्वेतले आणि चिनी. 3 महिन्यांच्या बाळांना चारही गटांत फरक कळला. 6 महिन्यांच्या बाळांना फक्त गोऱ्या आणि चिनी चेहऱ्यांत. 9 महिन्यांच्या बाळांना फक्त गोऱ्यांत. म्हणजे बाळ मोठं होताना नुसतं शिकत नाही, काही सोडूनही देतं. जे रोज दिसतं त्यात तरबेज होतं, बाकीचं ढोबळ होऊन बसतं.

आवाजांचंही असंच होतं. जॅनेट वर्कर यांनी 1984 मध्ये कॅनडात दाखवलं की इंग्रजी घरातल्या 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येतात. वर्षाची होईस्तोवर बहुतेकांचं ते जातं. गोरा माणूस ‘तुकाराम’ला ‘टुकाराम’ म्हणतो तेव्हा आपण हसतो. मी पँट्रीत वेगळं काय केलं होतं?

इथे मी जवळजवळ सुटलो होतो. ‘मेंदूच तसा, माझा काय दोष!’ ट्रेनिंग डेटा कमी पडला, विषय संपला. पण मग दुसरा प्रयोग वाचला.

अमेरिकेत लिसा स्कॉट आणि अलेक्झांड्रा मोनेसन यांनी 2009 मध्ये 6 महिन्यांच्या बाळांच्या आईवडिलांना माकडांच्या चेहऱ्यांची चित्रपुस्तकं दिली. (माकडंच का? तर त्या बाळांनी ती पाहिलेली नसतात म्हणून. एवढंच. कृपया दुसरा अर्थ काढू नका.) एका गटात प्रत्येक माकडाला स्वतःचं नाव. दुसऱ्या गटात सगळ्यांना नुसतं ‘माकड’. तिसऱ्या गटात नावच नाही, फक्त चित्रं बघायची. तीन महिन्यांनी चेहऱ्यांतला फरक कोणाला कळत होता? फक्त पहिल्या गटाला. चेहरे तिन्ही गटांनी तेच बघितले होते.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. कारण वर्षभर त्या दोघी मला रोज दिसत होत्या, आणि मी त्यांना काय म्हणायचो? ‘ती नॉर्थ-ईस्टवाली.’ दोघींनाही. डेटा भरपूर होता, लेबल मी चुकीचं लावलं होतं.

आणि हे कायमचं नसतं. लहानपणी कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या लोकांवर 2005 साली एक अभ्यास झाला. दत्तक जाताना ती मुलं 3 ते 9 वर्षांची होती. मोठेपणी त्यांना आशियाई चेहऱ्यांपेक्षा गोरे चेहरे जास्त नीट ओळखता येत होते. चक्क उलटं! मी 28चा आहे, त्यामुळे इतकं जमणार नाही. पण सरावाने मोठ्यांचंही थोडं सुधारतं.

सोमवारी मी मिझोरामच्या मुलीला सॉरी म्हटलं, नाव घेऊन. मग मणिपूरच्या मुलीच्या डेस्कवर गेलो. ती म्हणाली, “मला कळलं होतं, तिने सांगितलं.” आणि खुर्ची पुढे सरकवली. वडील शाळेत शिक्षक होते तिचे. अर्धा तास त्यांच्याबद्दलच बोलत होती.

तुमच्याकडे असा एखादा किस्सा असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.