कवडशातील कण आणि रंगावाचूनचे दर्शन



कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या एखाद्या जिनिंगमध्ये आपण डोकावला असाल, तर छपरातून आलेला कवडसा आणि त्यात तरंगणारा कापसाचा तूस पाहिला असेल. तूस असतो खोलीभर. डोळ्यांत भरतो तो कवडशातच. जाळीतून येणाऱ्या उन्हात दिसणाऱ्या रजःकणाला आपल्या प्राचीन ग्रंथांनी 'त्रसरेणू' असे नाव दिले आहे. १९०३ साली झीडेन्टोप्फ आणि झिग्मोंडी यांनी जे अतिसूक्ष्मदर्शक यंत्र सिद्ध केले, त्याचे तत्त्वही हेच. बाजूने प्रखर प्रकाश टाकावयाचा आणि काळोख्या पार्श्वभूमीवर कणाने विखुरलेला उजेड पाहावयाचा.

अडचण अशी की, कणाचा व्यास १० पटींनी घटला की विखुरलेला प्रकाश १० लाख पटींनी घटतो. म्हणून जीवशास्त्रज्ञ कणांना चमकणारी रंगद्रव्ये चिकटवू लागले. परंतु हा रंग थोड्या वेळात विझतो, शिवाय प्रथिनासारख्या चिमुकल्या रेणूच्या वर्तनात त्याची ढवळाढवळ होऊ शकते.

गेल्या वीसएक वर्षांत पुढे आलेली युक्ती मला मोठी मार्मिक वाटते. कण काचेलगत असतो. काचेवरून परतलेला प्रकाश आणि कणाने विखुरलेला प्रकाश यांचे व्यतिकरण घडवितात. आता कण १० पट लहान झाला, तरी त्याची खूण १,००० पटींनीच क्षीण होते. कोठे हजार, कोठे दहा लाख! रंग विझण्याची धास्ती नाही, म्हणून सेकंदाला हजारो चित्रे घेता येतात. २००९ साली या रीतीने कृत्रिम पटलावरून सरकणाऱ्या एकेका विषाणूचा माग काढण्यात आला. २०१८ साली तर सुट्या प्रथिन-रेणूंचे वजनही प्रकाशावरूनच ठरविले गेले.

मात्र काचेचा खडबडीतपणाही कणासारखाच दिसतो, तो संगणकाकरवी वजा करावा लागतो. आणि कण दिसला, तरी तो कोणाचा हे प्रकाश सांगत नाही. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परजीवी ओळखता आला, तो त्यातील काळ्या कणांमुळे. तेथे निसर्गानेच खूण करून ठेवली होती. विषाणूच्या अंगावर तशी खूण नसते. हिवतापाने गांजलेल्या आपल्या जंगलपट्ट्यातील वैद्याला कण कसा हलतो एवढ्यावर भागत नाही. तो कशाचा, हे आधी कळावे लागते. त्यामुळे रंगाची पद्धत मोडीत निघालेली नाही. काही प्रयोगशाळांत दोन्ही एकाच यंत्रावर नांदतात. रंग ओळख पटवितो आणि विखुरलेला प्रकाश माग काढतो.