स्वस्ताईचा हिशेब



महागाईवर बोलायला व्याख्याता बोलवावा लागत नाही. ते व्याख्यान मोंढ्यात, एसटी स्टँडवर, गिरणीपुढच्या रांगेत रोज चालू असते आणि त्यातले बहुतेक खरेही असते. आज मी वहीचे दुसरे पान उघडणार आहे. आपल्या डोळ्यांदेखत कितीतरी वस्तू आणि सेवा स्वस्त झाल्या. त्या कशाने झाल्या, कुणी केल्या, हे आपण कधी मांडून पाहिले नाही. जालना हे व्यापाराचे गाव. इथे भाव विचारायला कुणी लाजत नाही. म्हणून हा हिशेब इथेच मांडावा असे वाटले.

आधी माप ठरवू. ‘आमच्या वेळी रुपयाला अमुक इतके मिळायचे’ असे वडीलधारी माणसे सांगतात. तो रुपया मिळवायला किती राबावे लागे, हे मात्र सांगायचे राहून जाते. म्हणून मी रोजाने मोजणार आहे. एका दिवसाच्या मजुरीत काय येते, एवढेच पाहायचे. विल्यम नॉर्डहाउस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी हेच माप लावून प्रकाशाची किंमत प्राचीन काळच्या तेलाच्या दिव्यापासून विजेच्या दिव्यापर्यंत मोजली. एवढा उजेड मिळवायला माणसाला किती तास काम करावे लागले, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण माप घेऊ रोजगार हमीच्या मजुरीचे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी ही योजना महाराष्ट्रात रुजवली, तेव्हा ते माप आपल्याला परके नाही. महाराष्ट्रात हा दर २०११ मध्ये १२७ रुपये, २०१४-१५ मध्ये १६८, २०१८-१९ मध्ये २०३ आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता.

सुरुवात काडेपेटीपासून करू. २००७ पासून काडेपेटी एक रुपयाला होती. १ डिसेंबर २०२१ रोजी ती दोन रुपयांची झाली आणि ‘भाव दुप्पट झाला’ अशी बातमी आली. बातमी खरी होती. पण २०११ मध्ये एका रोजात १२७ काडेपेट्या येत आणि भाव दुप्पट झाल्यावरही २०२१च्या रोजात १२४ आल्या. म्हणजे दहा वर्षांत रोजाच्या मापाने फरक जवळजवळ शून्य. मधली सगळी वर्षे ती काडेपेटी मुकाट्याने स्वस्त होत होती आणि त्याची बातमी कुणी छापली नाही.

आता काडेपेटीकडून दिव्याकडे येऊ. रॉकेलची चिमणी आणि काजळलेली कंदिलाची काच इथल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. रेशनच्या रांगेत डबा धरून उभे राहायचे आणि मिळालेले रॉकेल महिनाभर पुरवायचे. परीक्षेच्या दिवसांत वात थोडी वर करायला आईची परवानगी लागे. त्यानंतर पिवळे बल्ब आले, ट्यूब आली, मग एलईडी. २०१४च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बचा भाव ३१० रुपये होता, म्हणजे जवळजवळ दोन रोज. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. त्या वर्षीचा रोज होता १९२ रुपये. दोन दिवसांच्या कामाचा बल्ब दोन तासांच्या आत आला. शिवाय साठ वॉटच्या जुन्या बल्बाएवढा उजेड हा नऊ वॉटमध्ये देतो, त्यामुळे बिलातली बचत वेगळीच.

हे घडले कसे? दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे ज्ञान. पांढऱ्या एलईडीसाठी आधी निळा एलईडी साधावा लागत होता आणि तो भल्याभल्यांना साधत नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी तो साधला. त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते २०१४ सालीच. दुसरी गोष्ट म्हणजे निर्णय. ‘उजाला’ योजनेसाठी सरकारने किरकोळ खरेदी न करता कोट्यवधी बल्बांची एकत्र मागणी नोंदवली आणि निविदांमध्ये कंपन्यांना एकमेकींशी भिडू दिले. एवढा खप नक्की आहे म्हटल्यावर कारखाने वाढले आणि भाव उतरला. ज्ञान आधीपासून होते. खेड्यातल्या घरापर्यंत ते या निर्णयाने पोचले.

फोनचे तसेच झाले. ज्या काळी घरात फोन नव्हता त्या काळी मुंबईला असलेल्या मुलाशी बोलायला माणसे रात्री अकरानंतर एसटीडी बूथवर जमत, कारण अकरानंतर दर पाव होत असे. मी अशा रांगेत उभा राहिलो आहे. बूथमधल्या यंत्रावरचे लाल आकडे पळत असत आणि बोलणाऱ्याचे डोळे त्या आकड्यांवर असत. ‘सगळे ठीक आहे ना? बरं, ठेवतो’ एवढ्यात बोलणे संपे. आजारपण सांगायचे राही, रडू गिळले जाई. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी देशातला पहिला मोबाइल कॉल केला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले. २००६ मध्ये देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आला, २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा. इंटरनेटचे सांगायचे तर २०१४ मध्ये एक जीबी सरासरी २६९ रुपयांना पडत असे, म्हणजे दीड रोजाहून जास्त. २०१८ मध्ये ते बारा रुपयांच्या आत आले. अर्ध्या तासाचे काम.

पण इथे एक इशारा देतो. एकेका मिनिटाचा भाव स्वस्त झाला तरी आत शिरण्याची किंमत वाढू शकते. पूर्वी दहा रुपये टाकून महिना काढता येई. आज नंबर नीट चालू ठेवायचा तर ठरावीक रकमेचे रिचार्ज करावेच लागते, आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा धरला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. ज्या म्हातारीला महिन्यातून चार फोन घ्यायचे आहेत तिच्यासाठी फोन स्वस्त झाला असे म्हणता येणार नाही. सरासरीच्या आकड्यात ती म्हातारी दिसत नाही. हिशेब मांडताना ती दिसली पाहिजे.

आता पैसे पाठवण्याकडे वळू. आपल्या घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागांतून दरसाल माणसे ऊसतोडीला जातात. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांची तर गणतीच नको. त्यांचे पैसे गावी यायचे ते मनीऑर्डरने. दर वीस रुपयांना एक रुपया कमिशन, म्हणजे शेकडा पाच. दोन हजार पाठवणाऱ्याचे शंभर रुपये वाटेतच जात, आणि पैसे पोचेपर्यंत घरी उधारी चाले. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. आज तीच रक्कम काही सेकंदांत पोचते आणि पाठवणावळ शून्य. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत गरिबाच्या घामाच्या पैशाला मिळालेली ही सर्वात मोठी सूट आहे. जिच्या नावावर खाते आहे पण हातात फोन नाही, त्या बाईपर्यंत ती अजून पोचायची आहे.

आता आपल्या गावच्या मालाकडे, बियाण्याकडे येतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. सामान्य शेतकऱ्याला संकरित वाण विकत घेता यावे यासाठी त्यांनी आयुष्य वेचले आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या बॅगेला सोळाशे रुपये आणि त्याहून जास्त भाव पडू लागला. त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि २००६ मध्ये बॅग साडेसातशेवर आली. २०१५ मध्ये केंद्राने भाव ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. २०१८ मध्ये भाव ७४० होता, २०२५ मध्ये ९०१. म्हणजे सुरुवातीच्या सोळाशेच्या भावाहून रुपयातसुद्धा कमी, रोजाच्या मापाने तर कितीतरी कमी.

मग कापूसवाला सुखी झाला का? नाही झाला, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बियाणे स्वस्त झाले, पण २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने बीटीला दाद दिली नाही आणि फवारणी परत आली. आणि वेचणी? बियाणे प्रयोगशाळेत सुधारते, बल्ब यंत्रावर बनतो, पण कापूस बोंडातून हातानेच काढावा लागतो. आजीने दिवसाला जेवढा वेचला तेवढाच नात वेचते. तिचा रोज मात्र वाढला पाहिजे, नाही तर ती दुसऱ्या कामाला जाईल. म्हणून वेचणी महाग होते. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञांनी साठ वर्षांपूर्वी हेच सांगितले: यंत्राने होणारे काम स्वस्त होत जाते आणि माणसाच्या वेळेवर चालणारे काम महाग होत जाते. शिक्षकाची शिकवणी, परिचारिकेची शुश्रूषा, वेचणारणीचे हात यांचे मोल वाढते. त्या महागाईवर चिडू नये. तो माणसाच्या श्रमाला मिळणारा मान आहे.

इथे मला स्वस्ताईचे दोन प्रकार वेगळे करायचे आहेत. एक कमावलेली आणि दुसरी ओरबाडलेली. बल्ब, फोन, यूपीआय ही कमावलेली स्वस्ताई; त्यात कुणाच्या ताटातले काढले गेले नाही. पण २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाड्यात त्याहून कमी भावाने सोयाबीन विकले गेले. शहरातल्या गिऱ्हाइकाला ती स्वस्ताई वाटली असेल. ती आपल्या शेतकऱ्याच्या खिशातून गेली होती. तिला मी स्वस्ताई म्हणणार नाही.

आता उरलेला प्रश्न: जे महाग आहे ते कसे उतरेल? एक वाट आपल्या जिल्ह्यानेच दाखवली आहे. ती म्हणजे जवळ आणणे. आपले रेशीम शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. कोष नाशवंत माल. थांबायची सोय नाही, मिळेल तो भाव घेऊन परतायचे. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली आणि ती वाट वाचली. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र त्याच वर्षी इथे आले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. मुलगा घरून डबा घेऊन जाऊ शकला की फी तीच राहूनही शिक्षण स्वस्त होते, कारण खोलीभाडे आणि खानावळ वाचते. रुग्णाला संभाजीनगरला न्यावे लागले नाही की उपचार स्वस्त होतो, कारण गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाचे बुडणारे रोज वाचतात.

दुसरी वाट निर्णयाची. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. लाखाच्या घरातला औषधी स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. वस्तू तीच, कारखाने तेच. मधला नफा कापला गेला.

आणि आपल्या जिल्ह्यात जिथे हा हिशेब सर्वात तातडीने मांडायला हवा ती गोष्ट म्हणजे पाणी. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याने टँकरचे पाणी विकत घेतले आहे. नळाच्या पाण्याचा लिटरचा भाव काढा आणि टँकरच्या पाण्याचा काढा. ज्याच्याकडे नळ नाही, जो पत्र्याच्या खोलीत राहतो, तो बंगल्यातल्या माणसाहून लिटरमागे कितीतरी जास्त मोजतो. उजेड दोन रोजांवरून दोन तासांवर आणता येतो, निरोप आणि पैसा फुकट पोचवता येतो, तर हंडाभर पाणी गरिबालाच महाग का? याला निसर्गाचे कारण अर्धेच आहे. उरलेले अर्धे कारण निर्णयाचे आहे आणि निर्णय माणसे घेतात.

म्हणून जाता जाता आपल्याला तीन कामे सांगतो. घरी गेल्यावर वहीत एका बाजूला महिन्याचा खर्च लिहा आणि दुसऱ्या बाजूला तो किती रोजांचा आहे ते लिहा. घरातल्या मुलांना बरोबर बसवा. औषध घेताना जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचा भाव विचारा. आणि नगरसेवक किंवा सरपंच मत मागायला दारी आले की त्यांना एकच प्रश्न विचारा: आमच्या वस्तीला लिटरभर पाणी काय भावाने पडते? त्यांच्याकडे आकडा नसेल तर तुमच्या वहीतला दाखवा.