स्वप्नातली खांदमळणी
(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेलं निरूपण)

मी चौथी शिकलेला माणूस. नांगर आणि टाळ, दोनच गोष्टी हाताला कळतात. तरी मंडळींनी आज्ञा केली, बोला म्हणून. म्हणून एका स्वप्नाचं सांगतो.

पाच-सहा वर्षं झाली, मला एकच स्वप्न पडतं. मी आठ-नऊ वर्षांचा. श्रावण अमावस्येचा आदला दिवस, पोळ्याची खांदमळणी. बैल ओढ्यावर धुऊन आणलेत. वडील बैलाच्या खांद्याशी उभे. थोरला भाऊ, आमचे आण्णा, कासरा धरून. वडील माझ्याकडं हात पुढं करतात आणि म्हणतात, "तूप आण रे." मी घरात पळतो. चुलीमागं बघतो, फडताळात बघतो, देवाजवळ बघतो. वाटी सापडत नाही. बाहेर बैल थांबलेला, वडिलांचा हात तसाच पुढं. आणि जाग येते.

नव्या पोरांना खांदमळणी ठाऊक नाही म्हणून सांगतो. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो, घट्टे पडतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद आणि तूप लावून तो खांदा चोळायचा. मग बैलाला आवतण द्यायचं, उद्या जेवायला या म्हणून. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, वेशीत तोरण, पुरणपोळीचा घास. ती सगळी शोभा. पण सणाचं मूळ त्या आदल्या संध्याकाळी आहे. ज्यानं ओढलं, त्याचा खांदा आधी चोळायचा. घरात पोरांना तूप मिळत नसलं तरी आई त्या दिवसासाठी वाटीभर राखून ठेवायची.

तर हे स्वप्न घेऊन मी एका जाणत्याकडं गेलो. तो म्हणाला, वडील अतृप्त आहेत, दोष आहे, शांत करा. खर्च सांगितला अकरा हजार. मी कीर्तनकार, दुसऱ्याला सांगणारा की भिऊ नका, पण खरं सांगतो, भ्यालो. पैसे जमवायलाही लागलो होतो.

मग माघ शुद्ध दशमी आली. तुकोबारायांना स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह झाला तो दिवस. गावात कीर्तन माझंच. महाराजांनी स्वतः अभंगात सांगून ठेवलंय. गुरू स्वप्नात भेटले, मस्तकावर हात ठेवला, रामकृष्ण हरी मंत्र दिला. आणि भोजनाला पावशेर तूप मागितलं, ते द्यायचं महाराज स्वप्नातच विसरले. हा प्रसंग मी शंभरदा सांगितला असेल. त्या दिवशी तुपापाशी आलो आणि आवाज बंद पडला. टाळकऱ्यांना वाटलं घसा बसला. त्यांनी गजर धरला म्हणून निभावलं.

रात्रभर एकच विचार. एवढा मोठा अनुग्रह, आणि त्यात पावशेर तुपाची बाकी राहिली, ती महाराजांनी लपवली नाही. मग माझी बाकी कुणाची? वडील तूप मागतात ते स्वतःसाठी थोडंच मागतात! ते मागतात खांद्यासाठी. कुणाचा खांदा?

मंडळी, ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. मृगाचा नाहीतर आर्द्राचा पाऊस तेव्हाच पडतो. वारीचे दिवस आणि पेरणीचे दिवस एकच. मी एकतीस वर्षं पायी वारी केली, तुम्ही माझ्या गळ्यात हार घातले. पण त्या एकतीस पेरण्या कुणी केल्या? आण्णांनी. वाटण्या झाल्या तरी माझ्या वाट्याचं रानही तेच पेरायचे. ते तिफण हाकायचे, वहिनी चाड्यावर मूठ धरायच्या. एका साली पावसानं दडी मारली, दुबार पेरावं लागलं. मी तेव्हा वाखरीच्या रिंगणात नाचत होतो. दुसऱ्या बियाण्याचे पैसे आण्णांनी भरले, आणि मला ते दहा वर्षांनी वहिनींकडून कळलं. पंढरपूरचा प्रसाद मी गावभर वाटला, पण आण्णांना कधी म्हणालो नाही की तुमच्यामुळं माझी वारी झाली.

वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, त्यांचा उजवा हात वर होत नाही आता. सदरा मी घालते."

त्या साली खांदमळणीच्या संध्याकाळी हळद-तुपाची वाटी घेऊन आण्णांकडं गेलो. बैल दोघांचेही विकून झालेत, गोठ्यात ट्रॅक्टरचं फाळ पडलंय. आण्णा बाजेवर बसले होते. मी म्हणालो, "सदरा काढा." ते म्हणाले, "येडा झाला का? मी काय बैल हाय?" मी म्हणालो, "एकतीस वर्षं माझ्या वाटचं जू ओढलं, मग काय म्हणू?" हसले. मी चोळायला लागलो. मग हसायचे थांबले. बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. शेवटी म्हणाले, "जरा डावीकडं दाब."

शांतीचे अकरा हजार वाचले म्हणून मी हे सांगत नाही. स्वप्न थांबलं असंही नाही, खोटं कशाला बोलू. अजून पडतं, वाटी अजून सापडत नाही. पण आता भीती वाटत नाही. सकाळी उठून आण्णांकडं चहाला जातो.

पुष्कळ माणसं मला सांगतात, महाराज, स्वप्नात आई दिवाळीचं उटणं लावते, स्वप्नात माहेरचा पंचमीचा झोका दिसतो, काय अर्थ? नाथ महाराजांना ज्ञानोबारायांनी स्वप्नात सांगितलं, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली, ती काढ. नाथ महाराज अर्थ विचारत बसले नाहीत, आळंदीला गेले. बहिणाबाईंना तुकोबारायांनी स्वप्नात उपदेश केला, त्यांनी तो जन्मभर पाळला. आपण संत नाही, आपली स्वप्नं साधी. त्यात पुढचं काही दिसत नाही. पण लहानपणच्या सणात आपण नुसते घेणारे होतो. पोळी, नवा सदरा, झोक्याला मिळालेला धक्का. देणारं कोण होतं, ते तेव्हा कळलं नाही. म्हणून तसं स्वप्न पडलं तर त्यातला हात बघा. तो जिवंत असेल तर सकाळी त्याच्या दारात जा. नसेल तर त्याच्या जागी आज जो ओढतोय त्याचा खांदा बघा.

दिंडीच्या शंभर वर्षांच्या वहीत चालणाऱ्यांची नावं आहेत. जे घरी राहिले, ज्यांनी पेरलं, गुरं सांभाळली, म्हाताऱ्यांना पाणी दिलं, त्यांची नाहीत. माझी एवढीच विनंती आहे. यंदा वारीहून आलात की प्रसादाच्या लाह्या नि बुक्का आधी त्यांना द्या, त्यांच्या पाया पडा, मग देवळात या. पांडुरंग तोवर उभा राहील. त्याला उभं राहायची सवय आहे.

बोलण्यात चुकलं असेल ते पदरात घ्या. रामकृष्ण हरी.