सैन्याची गाडी आणि सातपुड्याची वाट



दर वेळी आपण बचत, कर्ज, व्याज, हप्ता यांवर बोलतो. आज गाडीवर बोलू. तीही साधीसुधी नाही, सैन्यातली. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना सैन्याच्या गाडीशी काय करायचं? पण हा प्रश्न आमच्यापुढे गटातूनच आला. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या आपल्या बहिणींनी ग्रामसंघाच्या बैठकीत विचारलं, "सैन्यातून निघालेली जुनी गाडी लिलावात स्वस्त मिळते म्हणतात. आमच्या पाड्याच्या वाटेवर दुसरी कोणतीच गाडी टिकत नाही. मग गटाने तीच घेतली तर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्यांनी ती वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्याहून शिरपूर, पळासनेर करत बिजासन घाटाकडे जातो. त्या रस्त्यावर गाडी पाण्यासारखी पळते. पण डांबर सोडून डोंगराकडे वळलं की काळा कातळच. आपल्या धुळे-नंदुरबारच्या जमिनीत तर काळ्या दगडाच्या उभ्या भिंती मैलोन्‌मैल पसरल्या आहेत, माती वाहून गेली की त्या वर येतात. पुढे वाट म्हणजे ओढ्याचं पात्र. उन्हाळ्यात गोटे, पावसाळ्यात पाणी. अनेर, अरुणावती या नद्या सातपुड्यातच उगम पावतात. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नाला भरून येतो. अशा वाटेने रेशन आणायचं, बँकेत जायचं, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं. गाडी आली नाही की बांबूला झोळी बांधतात. लोक तिला "बांबूलन्स" म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण खांदा देणाऱ्याला आणि झोळीतल्या बाईला हसू येत नाही.

तर गाडी हवी, हे खरंच. आता सैन्याचीच का, ते पाहू.

आपण जिला जीप म्हणतो ती मुळात लढाईतलीच. 1940 साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना दिला आणि विलिज व फोर्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे तिचीच लांब भावंडं आपल्याकडे वडाप करू लागली. कमांडर, काळी-पिवळी, हे सगळं आपण पाहिलंय. तिच्यात बसून आपण माहेरी गेलो, बाजाराला गेलो.

त्या पहिल्या जीपबद्दलची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. सैन्य तिला "पाव टनाची गाडी" म्हणत असे. पाव टन म्हणजे साधारण अडीचशे किलो ओझं. चार-पाच माणसं झाली की संपलं. आपल्याकडची जीप लांब आणि जास्त वजन पेलणारी, हे मान्य. पण होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला आपण तिच्यात किती जण बसतो, आठवा. आत वीस, मागे पायरीवर चार, टपावर गठुडी. माणशी पन्नास किलो धरलं तरी बाराशे किलो झाले. शिवाय यातल्या पुष्कळ गाड्यांना ताकद फक्त मागच्या दोन चाकांना असते. रूप जीपचं, अंगात बळ मात्र जीपचं नाही.

सैन्याच्या लिलावातली जी गाडी आपल्या बहिणी म्हणत होत्या तिचं नाव जोंगा. नाव गंमतीचं वाटतं, पण ते जबलपूरच्या कारखान्यावरून पडलंय. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, यातली इंग्रजी अक्षरं घेऊन जोंगा. मूळ घडण जपानच्या निस्सान कंपनीची. 1969 पासून 1999 पर्यंत ती आपल्या सैन्यासाठी जबलपूरला बनत होती. सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. जाड पत्रा, वर ताडपत्री.

आमच्या ओळखीच्या एका माजी सैनिक दादांकडे अशी एक जोंगा आहे. ते म्हणाले, "बैठकीत बोलून काय कळणार? बसा, दाखवतो." हिवाळ्यात, नाला आटल्यावर, आम्ही पाच जणी तिच्यात बसून पाड्यापर्यंत गेलो. डांबर संपल्यापासून सहा किलोमीटर वाट. त्याला सव्वा तास लागला. हो, सव्वा तास. पायी चालणाऱ्या बाईच्या चालीने ती गाडी गेली.

पहिली शिकवण हीच. आम्हाला वाटलं होतं, सैन्याची गाडी म्हणजे दगड उडवत, धूळ उडवत जाणार. दादा म्हणाले, "वेगाने जाईल ती गाडी दगडात मोडेल. हळू जाईल तितकी टिकेल."

वाट सुरू होण्याआधी त्यांनी चारही चाकांची हवा थोडी कमी केली. टायर मऊ झाला की दगडाला धरून चालतो, आणि आतल्या माणसाची हाडंही कमी खिळखिळी होतात. मग पुढच्या चाकांना ताकद जोडली आणि गाडी लहान गिअरमध्ये टाकली. या गाड्यांना नेहमीच्या गिअरपेटीसोबत आणखी एक पेटी असते. तिने वेग निम्म्यावर येतो आणि जोर वाढतो. चढावर इंजिन ओरडत नाही, गुरगुरत वर येतं.

जिथे मोठा गोटा आला तिथे आम्हाला वाटलं, दादा तो दोन चाकांच्या मधून काढतील. त्यांनी चाक थेट गोट्यावर चढवलं. आमच्यातल्या मावशी घाबरून म्हणाल्या, "आते काय व्हई, माय?" काही झालं नाही. गाडी वर आली आणि सावकाश उतरली. कारण असं की मागच्या आसाच्या मधला लोखंडी गोळा खाली लोंबत असतो. गोटा मधून घेतला की तो गोळ्यालाच लागतो. चाकाला मार सोसतो, गोळ्याला सोसत नाही.

उतारावर त्यांनी ब्रेकवर पाय रोवला नाही. लहान गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वेळी लागत नाही. आणखी एक. दादांचे अंगठे स्टिअरिंगच्या आत नव्हते, वरच्या कडेवर होते. दगडाला चाक आपटलं की जुन्या गाडीचं स्टिअरिंग झटकन फिरतं आणि आत घातलेला अंगठा मोडतो.

नाल्यापाशी त्यांनी गाडी बंद केली आणि उतरून काठी घेऊन पलीकडे चालत गेले, परत आले, मग गाडी घातली. पाणी घोट्याएवढंच होतं. तरी उतरून पाहिलं. आम्ही विचारलं, "आणि पावसाळ्यात?" ते म्हणाले, "गुडघ्याएवढं वाहतं पाणी दिसलं की गाडी अलीकडेच. गाडी सैन्याची असली म्हणून पाणी तिला सलाम करत नाही." बहिणींनो, वाहतं पाणी गाडीला आधी उचलतं आणि मग वाहून नेतं. खाली फरशी तुटलेली असेल तर ते वरून दिसतही नाही.

परत आल्यावर आम्ही हिशेबाला बसलो. गटाची सवयच ती. जोंगा दगडात लिटरमागे चार-पाच किलोमीटर देते, हे दादांनी स्वतः सांगितलं. जाऊन-येऊन बारा किलोमीटरला अडीच-तीन लिटर पेट्रोल. पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे नुसत्या इंधनाचेच तीनशे. सहा जणी बसल्या तर माणशी पन्नास, आणि त्यात चालकाचा रोज नाही, पाटे तुटले तर त्याचे पैसे नाहीत. सुटे भाग जुन्या बाजारात शोधावे लागतात. दादांना आवड आहे, हातात कसब आहे, म्हणून ती चालते. गटाला असा कारागीर रोज कुठून मिळणार?

त्याहून मोठी अडचण कागदांची. खासगी नोंदणीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवता येत नाहीत. त्यासाठी प्रवासी परवाना लागतो, फिटनेसचं प्रमाणपत्र लागतं आणि तसाच विमा लागतो. परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाईचा बोजा कोणावर? गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यावर. म्हणजे दरमहा शंभर रुपये टाकणाऱ्या बायांवर.

म्हणून ग्रामसंघाने ठरवलं, जोंगा घ्यायची नाही. पण गाडीचा विषय सोडायचा नाही. केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना आहे, 2017 साली सुरू झालेली. मागास भागात गटाच्या सदस्याने प्रवासी गाडी चालवावी यासाठी बिनव्याजी कर्ज, साडेसहा लाखांपर्यंत, अशी तिची मांडणी. तुमच्या तालुक्यात तिचं काय चालू आहे ते उमेदच्या तालुका कक्षात जाऊन विचारा, लेखी विचारा. आमच्या बहिणींनी ठरवलंय की परवान्याची साधी गाडी डांबर संपेल तिथपर्यंत चालवायची. पुढच्या सहा किलोमीटरसाठी ग्रामसभेत नाल्यावरच्या फरशीचा ठराव मांडायचा. आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस असेल तर दादांनी शब्द दिलाय, भाडं न घेता जोंगा काढू. फक्त नाल्याला पाणी नसेल तर.

पाणी असेल तर? ही खरी काळजी, आणि तिला कोणतीच गाडी पुरत नाही. म्हणून गरोदर बहिणीसाठी नाला भरण्याआधीच निघायचं. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर असतं. बाळंतपणाच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहता येतं. आशाताईंना सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. 108 आणि 102 या गाड्या मोफत आहेत. डांबरापर्यंत त्या येतात, तिथे कोण उभं राहणार हे आधी ठरवा.

आता आपल्या सगळ्यांसाठी चार गोष्टी, ज्या जोंगाने शिकवल्या पण वडापच्या जीपलाही लागू आहेत. माणसं मोजून बसा, पायरीवर आणि टपावर कोणी नको. खड्या चढाला आणि नाल्याला उतरून चाला, चालकाला गाडी रिकामी काढू द्या. गरोदर बाई आणि म्हातारी माणसं पुढे बसवा, मागच्या चाकावर धक्का सगळ्यात जास्त बसतो. आणि चालक प्यायलेला असेल तर त्या गाडीत चढूच नका.

आम्हाला माहीत आहे, हे सांगणं सोपं आहे. संध्याकाळची शेवटची गाडी असते. घरी लेकरं वाट पाहत असतात. एकटी बाई "दादा, गाडी थांबवा, मी उतरते" म्हणाली तर बाकीचे तिलाच हसतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला जागा मिळत नाही. म्हणूनच हे एकटीने बोलायचं नाही. बाजाराला गटाने जातो ना, मग गटाने बोलायचं. आठ जणी एकदम खाली उतरल्या की चालक गाडी थांबवतो. आठ भाडी कोणाला सोडवत नाहीत.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढा एक विषय घ्या. आपल्या गावची गाडी किती जणांची आहे, आणि आपण तिच्यात किती जणी बसतो? दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा.

रामराम.